प्लास्टिकवरची वस्ती

कट्ट्याहून समुद्र दिसत नाही. मालवणातून कसालकडे निघालं की चौके मागे पडतं आणि मग आमची बाजारपेठ लागते. आजूबाजूला काजू, माड, भाताचे मळे. उत्तरेला गड नदीची कालावल खाडी, दक्षिणेला कर्ली. म्हणून समुद्रातल्या प्लास्टिकचा विषय निघाला की आमच्याकडची माणसं तो देवबाग-तारकर्लीचा, नाहीतर पर्यटकांचा मानून मोकळी होतात. पण जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गावोगावच्या वहाळांना लाल पाणी येतं, तेव्हा त्यातून शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, फाटकी ताडपत्री आणि जुन्या मखराचा थर्माकोल खाडीकडे निघतो. शौचखड्ड्यांतून झिरपलेलंही त्याच पाण्यातून जातं. या दोन गोष्टी पाण्यात एकमेकींना भेटल्या की काय होतं, हा प्रश्न आता जगभरच्या प्रयोगशाळांत घोळतो आहे. त्यातलं पक्कं किती, अर्धवट किती आणि बातम्यांनी फुगवलेलं किती, हे एकदा मांडून बघायला हवं.

सुरुवात १९७२ची. एडवर्ड कार्पेंटर आणि के. एल. स्मिथ या दोन अमेरिकी संशोधकांनी अटलांटिकमधल्या सारगॅसो समुद्रात बारीक जाळी ओढली. हवं होतं समुद्री शेवाळ, हाती आले प्लास्टिकचे तुकडे. ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी ते छापलं आणि त्यात एक वाक्य घातलं, की या तुकड्यांवर डायटम हे एकपेशीय शेवाळ आणि हायड्रॉइड हे बारीक समुद्री प्राणी चिकटलेले होते. त्याच वर्षी कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यालगत सापडलेल्या पॉलिस्टायरिनच्या मण्यांवर जिवाणूही असल्याची नोंद केली. त्यानंतरची बरीच वर्षं कुणी त्याकडे फारसं वळून पाहिलं नाही. प्लास्टिक म्हणजे कासवाच्या गळ्यातला फास आणि पक्ष्याच्या पोटातलं झाकण, एवढंच चित्र रुजलं. त्यावर काही राहतं, हा तपशील तळटीपेत गेला.

खरं तर पाण्यात बुडालेल्या कुठल्याही वस्तूवर बुळबुळीत थर धरतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला शाळेत जाऊन शिकावं लागत नाही. होडी वर ओढून तळ खरवडणं हे वर्षाचं कामच आहे. या थराचा शास्त्रीय अभ्यास आपल्या शेजारीच, गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाला. ही संस्था १ जानेवारी १९६६ला सुरू झाली. तिथल्या ए. बी. वाघ आणि एन. बी. भोसले यांनी ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या समुद्रात टांगून त्यांवर जमणाऱ्या थरातली साखर, प्रथिनं मोजली. पुढे जगदीश पाटील आणि ए. सी. अनिल यांनी झुआरी खाडीत काच आणि फायबरग्लासवर डायटमची वस्ती ऋतूंप्रमाणे आणि पृष्ठभागाप्रमाणे कशी बदलते, ते तपासलं. त्यांची चिंता जहाजांची होती: तळ घाण झाला की इंधन जास्त जळतं. पण आज प्लास्टिकवर काम करणाऱ्याला जी मूलभूत माहिती लागते, तिचा मोठा हिस्सा या जुन्या, नीरस वाटणाऱ्या निबंधांत आहे. आधी पाण्यातले सेंद्रिय पदार्थ पृष्ठभागावर पातळ लेप धरतात, काही तासांत जिवाणू येतात, मग डायटम, मग त्यांना खाणारे एकपेशीय, आणि शेवटी बार्नेकल, कालवं यांची पिल्लं बूड टेकतात. क्रम सगळीकडे हाच.

प्लास्टिकने यात आणलेला फरक प्रवासाचा आहे. लाकूड, झावळ, नारळाचं सोडण हेही तरंगतं, पण कुजतं, भिजून जड होतं, बुडतं. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्याहून हलकं असतं आणि कुजायचं नाव घेत नाही. २००४ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी सूक्ष्मप्लास्टिक ही संज्ञा वापरून दाखवलं, की मोठ्या तुकड्यांचा भुगा वाळूत आणि पाण्यात सगळीकडे पसरला आहे. आता पाच मिलिमीटरहून लहान कणाला सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. तुकडा जितका बारीक, तितका वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणजे वस्तीला जागा जास्त.

२०१३मध्ये एरिक झेटलर, ट्रेसी मिन्सर आणि लिंडा अमारल-झेटलर यांनी उत्तर अटलांटिकमधून उचललेले तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि त्यांच्यावरच्या जिवाणूंचा डीएनए वाचला. आजूबाजूच्या पाण्यात जे जिवाणू होते, त्यांहून तुकड्यावरचा समाज वेगळा निघाला. शेवाळं, त्यांना खाणारे, मेलेल्यांवर जगणारे असं सगळं गाव एका चिमटीत मावणाऱ्या तुकड्यावर होतं. त्याला त्यांनी ‘प्लास्टिस्फिअर’ म्हटलं. काही पेशी प्लास्टिकमध्ये अगदी आपल्या मापाच्या खळग्यांत बसलेल्या दिसल्या, आणि तिथून ‘समुद्रातले जिवाणू प्लास्टिक खातात’ या आशेला पालवी फुटली. दुसरी गोष्ट भीतीची. एका तुकड्यावरच्या जिवाणूंपैकी जवळपास चौथा हिस्सा व्हिब्रिओ कुळातला होता. कॉलऱ्याचा जिवाणू याच कुळातला. मग काय विचारता, ‘प्लास्टिकवरून कॉलरा’ असे मथळे आले.

या मथळ्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. व्हिब्रिओ कुळात शंभरावर जाती आहेत. बहुतेक निरुपद्रवी, समुद्रात जन्मापासून राहणाऱ्या. ज्या पद्धतीने तेव्हा डीएनए वाचला गेला, तिने कूळ कळतं. हा जिवाणू माणसाला आजारी पाडणारा आहे का, ते कळत नाही. २०१६मध्ये जर्मन संशोधकांनी उत्तर समुद्र आणि बाल्टिकमधल्या कणांवरून व्हिब्रिओ जिवंत वाढवून दाखवले आणि त्यांत व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसही सापडला. हा कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मासळीतून पोट बिघडवणारा. मात्र तो थोड्याच कणांवर होता. नंतर बाल्टिकच्या काठावरच्या वार्नेम्युंडे इथल्या सोन्या ओबरबेकमन आणि मथियास लाब्रेंझ यांनी सगळं साहित्य एकत्र तपासून थंड डोक्याने सांगितलं, की समुद्रात लाकडाचे किंवा इतर नैसर्गिक कण रोगजंतूंना जितका आसरा देतात, त्याहून सूक्ष्मप्लास्टिक फार जास्त देतं, असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. मला हे मत पटतं. ज्या अभ्यासात प्लास्टिकशेजारी लाकूड, काच, पान असं काहीच ठेवलेलं नसतं, त्या अभ्यासाचा निष्कर्ष मी तरी अर्धाच धरतो. दुर्दैवाने असे अभ्यास पुष्कळ आहेत.

पण वर जे ‘समुद्रात’ म्हटलं, त्यात सगळी मेख आहे. उघड्या समुद्रातला तुकडा वेगळा आणि मैल्याच्या पाण्यातून निघालेला तुकडा वेगळा. या बाबतीत मराठी वाचकाने ओळखावं असं एक नाव म्हणजे नचिकेत मराठे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात घडलेले हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पुढे स्वीडनला आणि तिथून नॉर्वेच्या बर्गनमधल्या सागरी संशोधन संस्थेत गेले. २०१७मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या मुठा नदीतला गाळ तपासला होता. शहराच्या वरच्या अंगाला घेतलेल्या गाळापेक्षा शहरातल्या गाळात प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं कित्येक पटींनी जास्त होती, आणि त्यांत शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांना न जुमानणारीही होती. कारण सरळ: न शुद्ध केलेला मैला. २०२०मध्ये त्यांच्याच गटाने नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर वाहून आलेलं प्लास्टिक घेतलं आणि त्यावरून माशांना रोग पाडणारे, तसंच दुबळ्या माणसाला गाठणारे जिवाणू वेगळे केले. त्यांच्यातही प्रतिरोधाची जनुकं होती, काही तर पूर्वी नोंद न झालेल्या रूपातली. आपल्या मुठेपेक्षा कितीतरी स्वच्छ असलेल्या किनाऱ्यावर ही स्थिती. हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचावेत, असं मी म्हणेन. पहिला सांगतो जनुकं येतात कुठून, दुसरा सांगतो ती बसून जातात कशावर.

गोवा विद्यापीठाचे मिलिंद नाईक आणि प्रिया डिकोस्टा, तसंच रविदास नाईक यांनी २०१९मध्ये याच धाग्याचं आणखी एक टोक दाखवलं. जहाजं तोल सांभाळण्यासाठी एका बंदरात पाणी भरतात आणि दुसऱ्या बंदरात सोडतात. त्या पाण्यात सूक्ष्मप्लास्टिक असलं, तर त्याच्यावरचे जिवाणू, विषारी शेवाळं, धातू आणि औषधांचे अंश असा सगळा लवाजमा एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर उतरू शकतो, असा त्यांचा आढावा आहे. मुरगावसारखं मोठं बंदर मालवणपासून दूर नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता विषाणू. या विषयात ते सगळ्यांत मागून आले, आणि संख्येने सगळ्यांत जास्त तेच. १९८९मध्ये नॉर्वेच्या ओइविंड बर्ग आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाण्यातले विषाणू मोजले, तेव्हा काही ठिकाणी एका मिलिलिटरमध्ये पंचवीस कोटींपर्यंत आकडा गेला. त्याआधी समुद्रात विषाणू नगण्य असतात असा समज होता. यांतले बहुसंख्य आपल्याला स्पर्शही करत नाहीत. ते जिवाणूंना मारणारे आहेत, ज्यांना आपण फाज म्हणतो. समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या एकूण वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा ते रोज फोडतात आणि त्यातून सुटलेल्या अन्नावर उरलेले जगतात. भारताचा यात जुना संबंध आहे. १८९६मध्ये आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅन्किनने गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू टिकत नाहीत, अशी नोंद केली होती. पाण्यातल्या फाजांची ही पहिली चाहूल मानतात. फाज हे नाव आणि कल्पना मात्र १९१७मध्ये फेलिक्स द’हेरेल यांनी दिली.

प्लास्टिकवर फाज काय करतात? इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळून सांगितल्या जातात. पहिली जनुकांच्या देवाणघेवाणीची. दाट थरात जिवाणू एकमेकांना खेटून असतात. फाज एका पेशीतून बाहेर पडताना तिच्या जनुकाचा तुकडा चुकून आपल्या कवचात घेऊन दुसरीत सोडू शकतो. त्यामुळे बुळबुळीत थर हा प्रतिरोधाची जनुकं फिरायला सोयीचा अड्डा आहे, आणि यंत्रणा म्हणून हे सर्वमान्य आहे. खाडीतल्या प्लास्टिकवर ते किती वेगाने घडतं, यावर काम चालू आहे. दुसरी गोष्ट माणसाला लागणाऱ्या विषाणूंची. २०२२मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात रिचर्ड क्विलियम यांच्या गटाने प्लास्टिकच्या मण्यांवर आधी थर वाढू दिला आणि मग त्यावर रोटाव्हायरस सोडला. लहान मुलांना जुलाब लावणारा हा विषाणू मण्यावर तीन दिवसांपर्यंत संसर्ग करण्याजोगा राहिला. चरबीचं वेष्टन असलेला दुसरा विषाणू मात्र लवकर निकामी झाला. म्हणजे करोनासारख्या वेष्टनधारी विषाणूंची धास्ती या मार्गाने फारशी नाही. पोटाच्या, मैल्यातून येणाऱ्या, वेष्टन नसलेल्या विषाणूंची आहे. पावसाळ्यात वहाळातून निघालेल्या पिशवीला खाडीच्या मुखाशी पोचायला तीन दिवस लागत नाहीत.

खाडीच्या मुखाशी कोण बसलेलं असतं? तिसऱ्या, कालवं, शिनाणे. हे सगळे पाणी गाळून जगणारे. झुआरी-मांडवीच्या दक्षिणेला साळ नदीची खाडी आहे. तिथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या महुआ साहा आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये पाणी, गाळ, मासे आणि शिंपल्यांत सूक्ष्मप्लास्टिक शोधलं आणि ते सगळीकडे सापडलं. धागे सर्वांत जास्त, म्हणजे जाळी आणि कपड्यांची धुलाई हे मोठे उगम. आमच्याकडे लगेच पुढचा प्रश्न येतो: मग तिसऱ्या खायच्या की नाही? कालवं कच्ची गिळायची आपली रीत नाही, हे आपलं नशीब. नीट उकळलेल्या सुक्यात जिवाणू-विषाणू टिकत नाहीत. प्लास्टिकचे कण मात्र कढईत मरत नाहीत, आणि शिंपला आपण आतड्यासकट खातो. मोठा मासा साफ करताना आतडं टाकतो, त्यामुळे त्यातला वाटा कमी होतो. माझं स्वतःचं उत्तर: खावं, पण सांडपाणी मिळतं तिथलं पागू नये. धोका तिसऱ्यांपेक्षा सांडपाण्याचा आहे.

माशाला आणि कासवाला मात्र प्लास्टिकवरचा हा थर फसवतो. प्लास्टिकला मुळात खाण्यासारखा वास नसतो. त्यावर जगणाऱ्या जीवांमुळे तो येतो. २०२०मध्ये अमेरिकेत लॉगरहेड कासवांना समुद्रात मुरलेल्या प्लास्टिकचा वास दिला, तेव्हा त्यांनी खऱ्या खाद्याला द्यावा तसाच प्रतिसाद दिला. कोरं, धुतलेलं प्लास्टिक दिलं, तेव्हा नाही. वायंगणी आणि तांबळडेगच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. तिथल्या कासवमित्रांनी हा निबंध जरूर लक्षात ठेवावा.

आता जरा भूगोल. आमच्या किनाऱ्यावरचा प्रवाह वर्षातून दोनदा तोंड फिरवतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तो दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. पावसाळ्यात मुंबई-रत्नागिरीचं तरंगतं आमच्याकडे येऊ शकतं, थंडीत गोवा-केरळचं. गोव्याच्या पुळणींवरच्या प्लास्टिकच्या कच्च्या मालाच्या गोळ्यांचा एस. वीरसिंगम आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये छापलेला अभ्यास आहे. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिनच्या या गोळ्या मोसमी वारे आणि लाटांनी समुद्रातून वर आणून टाकलेल्या होत्या. २०२१मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ जहाज जळून बुडालं आणि सुमारे १६८० टन अशा गोळ्या पाण्यात गेल्या. २५ मे २०२५ला कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं आणि तिरुअनंतपुरमच्या किनाऱ्यावर गोळ्यांचा सडा पडला. अशा गोळीवर कोणत्या बंदराचे जिवाणू स्वार आहेत, हे सिंधुदुर्गाला कळायला हवं, कारण इथे काही राखून ठेवलेलं आहे. १३ एप्रिल १९८७ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या प्रवाळांवर तुटकी नायलॉनची जाळी अडकून बसते, ती या अभयारण्याच्या गाभ्यातच. पूर्वीची सुताची नि तागाची जाळी हरवली तरी कुजून जात. नायलॉनचं जाळं मासे मारत राहतं, आणि तेही थर धरतं.

राहिला आशेचा भाग: प्लास्टिक खाणारे जीव. २०१६मध्ये जपानच्या साकाई शहरातल्या बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राच्या परिसरात इडिओनेला साकाएन्सिस हा जिवाणू सापडला. तो पेट प्लास्टिक मोडून त्यावर जगतो. पण पातळ, मऊ पत्र्यासारखं पेट ३० अंशांना संपवायला त्याला सहा आठवडे लागले. बाटलीचं कठीण पेट त्याला जड जातं, आणि पॉलिथिन तर वेगळ्याच जातीचं. आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मनीषा सांगळे, मोहम्मद शाहनवाज आणि अविनाश आडे यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या खारफुटीच्या मुळांलगतची, कचरा पडणाऱ्या जागांची माती घेऊन शंभराहून अधिक बुरश्या वेगळ्या केल्या. २०१९च्या त्यांच्या निबंधात ॲस्परजिलस कुळातल्या एका बुरशीने ६० दिवसांत पॉलिथिनचं वजन निम्म्याहून अधिक घटवल्याचं नोंदलं आहे. चिकाटीचं काम आहे, आणि खारफुटीच्या मातीत काय दडलंय ते त्यातून कळतं. तरी फ्लास्कमध्ये, ठरवलेल्या आम्लतेत, हलवत ठेवलेल्या द्रवात घटलेलं वजन म्हणजे कर्लीच्या चिखलात घटणारं वजन नव्हे. वजन कमी झालं म्हणजे प्लास्टिकचं पूर्ण कर्बवायू आणि पाणी झालं, असंही होत नाही. त्याचा आणखी बारीक भुगा झाला असू शकतो. दर दोनतीन वर्षांनी ‘प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडला’ ही बातमी येते आणि पुढच्या पिशवीला नैतिक परवानगी मिळते. २०१५पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं होतं. त्यातल्या ६३० कोटी टन कचऱ्यापैकी पुन्हा वापरात आलेलं होतं अवघं नऊ टक्के. हा घास कुठल्याही बुरशीला झेपणारा नाही.

उलट दिशेनेही विचार व्हायला हवा: प्लास्टिक सूक्ष्मजीवांचं काय करतं? २०१९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या साशा टेटू यांच्या गटाने पिशव्या आणि पीव्हीसी पाण्यात भिजवून निघालेला अर्क प्रोक्लोरोकॉकसला दिला. समुद्रातला हा इवला जीव जगातल्या प्राणवायूचा मोठा वाटा तयार करतो. त्याची वाढ आणि प्रकाशसंश्लेषण दोन्ही घसरली. अर्क उघड्या समुद्रातल्यापेक्षा कितीतरी तीव्र होता, म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. बंदिस्त खाडीच्या कोपऱ्यात मात्र तसा दाटपणा अशक्य नाही.

मग धोरण काय? २३ मार्च २०१८ला महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, १ जुलै २०२२ला देशभर एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली. पिशवीवर सगळं लक्ष गेलं. मासळीचे थर्माकोलचे खोके, नायलॉनची जाळी, शाम्पूची पुडी तशीच राहिली. वेंगुर्ला नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरातूनच कचरा वेगळा घेऊन आणि कचराभूमीचं पर्यटनस्थळ करून दाखवलं, की आपल्याच जिल्ह्यातलं लहान शहर हे करू शकतं. पण ते काम घन कचऱ्याचं. वरचे सगळे अभ्यास ज्या जागी एकत्र येतात, ती जागा मैल्याची आहे. प्लास्टिक एकटं त्रासदायक आहे. मैल्यासोबतचं प्लास्टिक रोगाचं वाहन आहे. तारकर्ली-देवबागची पट्टी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली अशी वाळूची. अशा जमिनीत शोषखड्डा आणि विहीर यांत वाळूशिवाय काही नसतं. न्याहारी-निवासाच्या खोल्या वाढतात, तशी खड्ड्यांची संख्या वाढते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कर्ली आणि गडच्या काठच्या ग्रामपंचायतींनी, त्यांत आमची कट्ट्याकडची गावंही आली, मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी वहाळ साफ करावेत. वर्षभर साठलेला कचरा त्या पहिल्या लोंढ्यातच सुटतो. मैला उपसणारा टँकर कुठे रिकामा होतो, ते ग्रामसभेत विचारावं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी दोना पावलाच्या संस्थेच्या मदतीने पावसाआधी, पहिल्या लोंढ्यात आणि दिवाळीनंतर, अशा तीन वेळा वहाळ, खाडी आणि मुख या तिन्ही ठिकाणचं प्लास्टिक उचलून त्यावरचे जिवाणू तपासावेत, आणि शेजारी एक नारळाचं सोडणही ठेवावं. तुलना नसेल तर आकड्याला अर्थ नाही.